दो बीघा जमीन

कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकरी बापावरचा हिंदी चित्रपट (१९५३). निर्मिती-दिग्दर्शन बिमल रॉय. कथा व संगीत सलील चौधरी. पटकथा व संकलन हृषिकेश मुखर्जी. शीर्षक रवींद्रनाथ टागोरांच्या कवितेवरून घेतले आहे.

शंभू महातोची (बलराज साहनी) दोन बिघे जमीन जमीनदाराला कारखान्यासाठी हवी असते. शंभू नकार देताच कर्जाचा तगादा लागतो. त्याच्या समजुतीने देणे ६५ रुपये, पण कागदावर ते २३५ होते आणि कोर्टही कागदच मानते. फेडीला मुदत तीन महिन्यांची. म्हातारा बाप आणि गरोदर बायको पारो (निरुपा रॉय) यांना गावी ठेवून शंभू कलकत्त्याला हातरिक्षा ओढायला जातो. मुलगा कन्हैया (रतनकुमार) हट्टाने त्याच्यामागे येतो आणि बूटपॉलिश करू लागतो.

१९५२च्या मुंबईतील आंतरराष्ट्रीय महोत्सवात बिमल रॉय यांनी व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ पाहिला आणि त्यातून त्यांना या चित्रपटाची प्रेरणा मिळाली. मात्र इथे नैतिक पेच उलटा आहे. तिथे चोरी बाप करतो आणि मुलगा ती पाहतो. इथे बाप जखमी होऊन पडल्यावर मुलगा चोरीकडे वळतो. घरात पै नसतानाही शंभूचा संताप होतो, कारण मुलाचा प्रामाणिकपणा ही त्याची शेवटची मिळकत आहे. चित्रपटाचे खरे दुःख इथे आहे, जमिनीच्या लिलावात नाही. जादा पैशांच्या आशेने शंभू रिक्षा पळवतो आणि चाक निखळून पडतो, तो प्रसंग आजही बघवत नाही.

साहनी सुशिक्षित, शहरी नट. भूमिकेसाठी ते कलकत्त्याच्या रस्त्यांवर स्वतः रिक्षा ओढायला शिकले. दमलेल्या देहाचा असा अभिनय हिंदी पडद्यावर त्याआधी क्वचितच दिसला होता. नाना पळशीकर यांनी शंभूच्या वडिलांची भूमिका केली. कथेत काही योगायोग ओढूनताणून आणलेले आहेत, विशेषतः पारोच्या अपघाताचा. पण शेवट कुठेही गोड केलेला नाही. जमीन जाते, तिथे कारखाना उभा राहू लागतो आणि मूठभर मातीही शंभूला उचलू दिली जात नाही.

चित्रपटाला पहिल्या फिल्मफेअर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शनाचे पुरस्कार मिळाले. १९५४मध्ये कान महोत्सवातही तो गौरवला गेला. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. त्या वर्षीचे राष्ट्रपती सुवर्णपदक मराठी ‘श्यामची आई’ला होते.