मध्ये उभी राहिलेली माणसे

आमच्या जुन्या वाड्यात मागच्या अंगाला एक बिऱ्हाड होते. त्या घरचा कर्ता पुरुष संध्याकाळी पिऊन आला, की त्याच्या बायकोच्या पाठीवर काय होणार, हे साऱ्या वाड्याला ठाऊक असे. आपापली दारे लावून घेणारे पुष्कळ होते. माझी आजी मात्र कापूस आणि तबक उचलून त्यांच्या ओसरीवर जाऊन बसे आणि वाती वळू लागे. ती कोणाला समजावीत नसे, रागे भरत नसे, पोलिसांचे नावही काढीत नसे. ती तिथे आहे तोवर आतून आवाज येत नसे, एवढे खरे. "आजी, तू तिथे जाऊन करतेस तरी काय?" असे मी एकदा विचारले, तेव्हा "वाती वळते," एवढेच ती म्हणाली. त्या वर्षी दिवाळीत आमच्याकडे वातींचा तोटा पडला नाही.

ही आठवण आज येण्याचे कारण जरा दूरचे आहे. युद्धाच्या धुमाळीत, हाती शस्त्र न घेता, परक्या माणसांच्या दाराशी जाऊन बसणाऱ्या काही ख्रिस्ती स्त्री-पुरुषांचा इतिहास वाचीत होतो. देश निराळे, धर्म निराळा. पण त्या माणसांचे एकंदर वागणे मला ओळखीचे वाटले.

१९८३ च्या एप्रिलात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना संस्थानातून चर्चमध्ये जाणारी तीसेक माणसे मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशात गेली. १९७९ साली तेथे क्रांती झाली होती. नवे सरकार उलथून पाडण्यासाठी 'कॉन्ट्रा' नावाच्या टोळ्या शेजारच्या होंडुरासमधून सरहद्द ओलांडून येत आणि खेडी, शेते, दवाखाने यांवर हल्ले करीत. त्यांना पैसा आणि बंदुका पुरवीत होते अमेरिकेचेच सरकार. ही मंडळी जालापा गावाजवळच्या एका खेड्यात पोचली, तेव्हा हल्ल्याच्या खुणा ताज्या होत्या. पण पाहुणे होते तोवर गोळीबार झाला नाही. आज शांत कसे, असे त्यांनी विचारले, तेव्हा तेथल्या लोकांनी जे सांगितले त्याचा अर्थ असा, की तुम्ही येथे आहात म्हणून. अमेरिकेच्या पैशाने घेतलेली गोळी अमेरिकन माणसाला लागली, तर वॉशिंग्टनमध्ये तिचा जाब द्यावा लागेल. निकाराग्वाच्या शेतकऱ्याला लागली, तर कोण विचारतो?

हे उत्तर ऐकून एखाद्याला आपल्या महत्त्वाचा आनंद झाला असता. या माणसांना लाज वाटली, आणि त्या लाजेतूनच त्यांनी पुढचे ठरवले. आपला जीव जर जगाच्या बाजारात उगीचच महाग ठरला असेल, तर तो स्वस्त ठरलेल्यांच्या शेजारी नेऊन ठेवावा. जुलैत दीडशे लोक गेले, आणि वर्ष संपण्याच्या आत सरहद्दीवर मुक्कामाला राहणारी तुकडीही उभी राहिली. 'विटनेस फॉर पीस' हे त्या संघटनेचे नाव. पुढल्या काही वर्षांत हजारो लोक तिच्यातर्फे निकाराग्वात जाऊन आले. त्यांनी युद्ध थांबवले नाही. ती जिथे नव्हती तिथे माणसे मरतच राहिली. मोठा दावा करण्याची सोय या इतिहासात नाही, हे आताच सांगून टाकतो.

ही कल्पना मात्र त्या खेड्यात जन्मलेली नाही. तिच्या मुळाशी गेलो, तर आपल्याच घराजवळ येऊन पोचतो. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले, तेव्हा २३ सप्टेंबर १९३१ रोजी 'गिल्डहाउस' या प्रार्थनागृहात त्यांचे व्याख्यान झाले. तेथे प्रवचने करीत मॉड रॉयडन नावाच्या विदुषी. ज्या काळी इंग्लंडात व्यासपीठावरून धर्म सांगणारी स्त्री म्हणजे कौतुकाचा आणि निंदेचा विषय होता, त्या काळच्या. परतीच्या वाटेवर स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे गांधीजींना कोणी विचारले, की तटस्थ देशाने चालून येणाऱ्या सैन्याला कसे अडवावे? स्त्रिया, पुरुष, मुले यांची जिवंत भिंत उभी करून, असे त्यांनी सांगितले. दोनच महिन्यांत शांघायमध्ये जपानी आणि चिनी सैन्यांची लढाई जुंपली, आणि १९३२ च्या फेब्रुवारीत रॉयडनबाईंनी आणखी दोन धर्मोपदेशकांसह जाहीर आवाहन केले: निःशस्त्र स्वयंसेवकांची फौज घेऊन आम्ही दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभे राहतो, आम्हाला तेथवर पोचवा. शेकडो लोकांनी नावे दिली. राष्ट्रसंघाने उत्तर पाठवले, की हा विषय एखाद्या सभासद सरकारने मांडल्याखेरीज विचारात घेता येत नाही! मार्चमध्ये शांघायची लढाई थांबली. मृत्यूला सामोरे जाण्यासाठीही कचेरीतून मंजुरी लागते, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते.

आपल्याकडे गांधीजींच्या मनातली शांतिसेना त्यांच्यामागे विनोबांनी १९५७ साली केरळात उभी केली. कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा हा ब्राह्मण आणि लंडनच्या त्या बाई, एकाच वाटेचे प्रवासी. १९६२ च्या प्रारंभी बैरूतमध्ये 'वर्ल्ड पीस ब्रिगेड' स्थापन झाली, तेव्हा तिच्या तीन अध्यक्षांत एक जयप्रकाश नारायण होते; उरलेले दोघे, मायकेल स्कॉट आणि ए. जे. मस्ट, ख्रिस्ती धर्मोपदेशक.

दुसरा एक प्रवाह याहून जुना आहे. सोळाव्या शतकात युरोपात तलवार न धरण्याचे व्रत घेतलेल्या ख्रिस्ती पंथांपैकी एक मेनोनाइटांचा. राजाच्या सैन्यात जाणार नाही, एवढ्या एका हट्टापायी ही माणसे देशोदेशी भटकली. (छत्तीसगडातल्या धमतरीला यांचे मिशन १८९९ पासूनचे, दुष्काळात अन्न घेऊन ते तेथे आले.) १९८४ साली स्ट्रासबुर्ग येथे त्यांचा जागतिक मेळावा भरला असता रॉन सायडर या प्राध्यापकाने आपल्याच लोकांची झोप उडवली. सैनिक आपल्या ध्येयासाठी हजारोंनी मरण पत्करतात. आपण मात्र लढत नाही एवढ्यावरच संतुष्ट आहोत. तेवढीच किंमत द्यायची तयारी नसेल, तर शांततेच्या गोष्टी कशाला बोलता, असा त्याच्या भाषणाचा रोख होता. त्यातून १९८६ साली 'ख्रिश्चन पीसमेकर टीम्स' ही संस्था निघाली.

१९९५ च्या जूनमध्ये तिची तुकडी पॅलेस्टाईनमधल्या हेब्रोनला गेली. आदल्या वर्षी तेथील मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या होत्या. तुकडीने जुन्या शहरात कोंबडीबाजारालगत बिऱ्हाड केले. डोक्यावर लाल टोपी आणि हातात कॅमेरा. सैनिकांनी कोणाला अडवले, की जवळ जाऊन उभे राहायचे आणि पाहायचे. एका बाजूचे कैवारी म्हणून त्यांच्यावर टीका होई, आणि ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण १९९६ ची एक गोष्ट नोंदली पाहिजे. त्या वर्षी २५ फेब्रुवारीला आणि ३ मार्चला, अशा लागोपाठच्या दोन रविवारी जेरुसलेममध्ये १८ क्रमांकाच्या बसमध्ये बाँबस्फोट झाले. दोन्ही मिळून चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर हेब्रोनच्या या तुकडीतील काही जण उघडपणे सांगून त्याच १८ क्रमांकाच्या बसमध्ये जाऊन बसले. इकडे अरबांच्या दाराशी, तिकडे ज्यू प्रवाशांच्या बाकावर.

हा सगळा व्यवहार 'आपला जीव महाग आहे' या एका गृहीतावर उभा होता. ते बगदादला उलटले. २००२ सालीच, युद्धाच्या आधी, संस्थेची तुकडी इराकमध्ये गेली होती. सैन्याने उचलून नेलेल्या माणसांच्या बायका आणि आया तिच्याकडे येत. अशा ७२ कैद्यांच्या हकिकती तिने २००३ च्या डिसेंबरात मांडल्या. अबू घ्रैबची छायाचित्रे जगाने पाहिली ती त्यानंतर चार महिन्यांनी. २६ नोव्हेंबर २००५ रोजी याच संस्थेच्या चौघांना बंदूकधाऱ्यांनी पळवले: अमेरिकेचा टॉम फॉक्स, इंग्लंडचे चौऱ्याहत्तर वर्षांचे नॉर्मन केंबर, आणि कॅनडाचे नागरिक जेम्स लोनी व भारतीय वंशाचे हरमीत सिंग सूडन. जो पासपोर्ट निकाराग्वात कवच झाला होता, तोच येथे सावज दाखवणारी खूण झाला. त्यांना सोडावे म्हणून पॅलेस्टाईनमधल्या मुसलमान धर्मगुरूंनी जाहीर विनवण्या केल्या. चौघांतला अमेरिकन तेवढा बाजूला काढला गेला. सतराव्या शतकापासून शस्त्र नाकारणाऱ्या क्वेकर परंपरेतल्या या माणसाचे प्रेत मार्च २००६ मध्ये सापडले.

उरलेल्या तिघांना २३ मार्चला सोडवले ते सैनिकांनी, बंदुका घेऊन. इंग्लंडच्या सेनापतीने त्यांच्या कृतज्ञतेविषयी जाहीर खंत व्यक्त केली. अवघड प्रश्न होता. सैनिकांचे आभार मानावेत, तर ज्या तत्त्वासाठी आलो त्याचे काय. न मानावेत, तर ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांचे काय? केंबर यांनी सैनिकांचे आभार मानले, तरी सैन्यबळाने शांतता येते असे आपण मानत नाही, हेही सांगितले. त्या डिसेंबरात लंडनमध्ये तिघांनी आपल्याला पळवणाऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. मला ही विसंगती खोटेपणाची वाटत नाही. फक्त तिचा निवाडा करण्याइतका मी कधी अडचणीत सापडलेलो नाही.

बगदादची हकिकत जगाने ऐकली. मला अधिक जवळची वाटते ती हेब्रोनच्या दक्षिणेकडल्या डोंगरातली, अत्-तुवानी गावची. शेजारच्या तुबा वस्तीतली मुले येथे शाळेला येतात. जवळची वाट ज्यू वसाहतीला लागून जाते, आणि त्या वाटेवर मुलांना दगड खावे लागत. २००४ च्या सप्टेंबरात या संस्थेचे दोघे मुलांबरोबर चालत असताना तोंडे झाकलेल्या लोकांनी त्यांना साखळ्यांनी मारले. एकीचा हात मोडला, एकाच्या फुप्फुसाला इजा झाली. परदेशी माणसे जखमी झाली म्हटल्यावर बोभाटा झाला. इस्रायलच्या संसदेच्या समितीने लक्ष घातले, आणि मुलांना रोज शाळेत पोचवण्यासाठी सैन्याची जीप जाऊ लागली. मुले दगड खात होती तोवर हे सुचले नव्हते.

पण जीप कधी उशिरा येई, कधी येतच नसे, कधी अर्ध्या वाटेवर मुलांना सोडून देई. म्हणून स्वयंसेवक गेले नाहीत. २०११ साली या संस्थेने तेथले काम थांबवले, तरी 'ऑपरेशन डव्ह'चे इटालियन कॅथलिक तरुण, जे पूर्वीपासून बरोबर होते, ते पुढे अनेक वर्षे राहिले. सकाळी ते समोरच्या टेकडीवर जाऊन बसत. जीप किती वाजता आली, किती मुले होती, सैनिक मुलांबरोबर पायी चालले की गाडीतच बसून राहिले, हे वहीत टिपून घेत. आणि शाळा सुटायच्या वेळी पुन्हा टेकडी चढत.