थंडीत रुसणारा टॉर्च

आसगावकडे (जि. भंडारा) पौषातल्या पहाटे तळ्यावर गळ टाकून बसलो की टॉर्च मंद होई. सेल संपले समजून आम्ही ते काढून टाकत असू. घरी चुलीपाशी तेच पुन्हा चालत!

जॉर्ज लेक्लांशे यांच्या १८६६ च्या घटात नवसागराचे द्रावण काचेच्या बरणीत असे. ते सांडायचे. कार्ल गासनर यांनी १८८६ मध्ये त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून ते जस्ताच्या डब्यात भरले, तेव्हा कुठे सेल खिशात मावला. थंडीत मात्र आयनांची हालचाल मंदावते, सेलचा अंतर्गत रोध वाढतो. लिथियम-आयन सेलही यातून सुटलेला नाही. म्हणून बर्फाळ प्रदेशातल्या मासेमारांसाठी डोक्यावरच्या दिव्याचा सेल तार लांबवून कोटाच्या आत ठेवतात. आम्ही तो बंडीच्या खिशात ठेवू लागलो.