इजिप्तला कधी जावं?

कुठल्याही पर्यटन कंपनीला विचारा, उत्तर एकच मिळतं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जुलैत लक्झर आणि अस्वानचा पारा चाळिशीच्या वर असतो, वसंतात खमसीन नावाचा धुळीचा गरम वारा सुटतो, तेव्हा हिवाळाच बरा. सल्ला चुकीचा नाही. पण हा मोसम वाळवंटानं स्वतःच ठरवून दिला आहे, असं आपण धरून चालतो, ते खरं नाही. इजिप्तमध्ये प्रवासाची वेळ ठरवणाऱ्यांच्या यादीत थर्मामीटर फार उशिरा आला. त्याआधी हिशेब असायचा तो पाण्याचा आणि वाऱ्याचा.

मुळात प्राचीन इजिप्तचं वर्ष तीन ऋतूंचं होतं: आखेत म्हणजे पूर, पेरेत म्हणजे पाणी ओसरून पेरणी आणि उगवण, शेमू म्हणजे कापणी. पाऊस पडायचा दूर इथिओपियाच्या डोंगरांत, साधारण आपल्या पावसाळ्याच्याच महिन्यांत. जूनअखेर अस्वानला नाईल चढू लागे आणि सप्टेंबरात ऐन भरात असे. गंमत अशी की त्यांचं सरकारी वर्ष बरोबर 365 दिवसांचं, लीप दिवस नाहीच. त्यामुळे दर चार वर्षांनी एक दिवस, असं करत कॅलेंडरातला ‘पूर’ खऱ्या पुरापासून घसरत जाई आणि 1460 वर्षांनी पुन्हा जागेवर येई. टाइमझोन आणि तारखांच्या कोडशी ज्यांनी झटापट केली आहे, त्यांना हा बग ओळखीचा वाटेल. इ.स.पू. 238 मध्ये तिसऱ्या टॉलेमीच्या काळात तो दुरुस्त करायचा ठराव झाला, दगडावर कोरलाही गेला, आणि कोणी पाळला नाही.

पुराच्या दिवसांत देश बघायला कोण जाणार, असं वाटेल. पण हिरोडोटसनं पुरात बुडालेल्या मुलखाचं वर्णन केलं आहे. फक्त गावं पाण्यावर बेटांसारखी दिसतात आणि होड्या नदीचा मार्ग सोडून थेट शेतांवरून, पिरॅमिडांच्या जवळून जातात. पायी चालणाऱ्याला जो काळ सर्वांत अडचणीचा, तोच होडीवाल्याला सर्वांत सोयीचा.

याचं टोकाचं उदाहरण आपल्या किनाऱ्याशी जोडलेलं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राकडचे व्यापारी हिंदुस्थानात यायचे ते इजिप्तमार्गे. प्लिनीनं हा मार्ग टप्प्याटप्प्यानं दिला आहे. अलेक्झांड्रियाहून नाईलमधून कोप्टोसपर्यंत बारा दिवस, तिथून उंटावरून तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके बंदरापर्यंत आणखी बारा. हा दुसरा टप्पा 257 रोमन मैलांचा, म्हणजे सुमारे 380 किलोमीटर, निव्वळ वाळवंट. आणि जहाजं सुटायची भर उन्हाळ्यात, व्याधाचा तारा पहाटे उगवायच्या जरा आधी किंवा लगेच नंतर. म्हणजे जगातल्या अतितप्त वाळवंटांपैकी एक नेमकं सर्वांत वाईट महिन्यांत ओलांडायचं. दिवसा विहिरींच्या ठाण्यांवर पडून राहायचं, रात्री चालायचं.

हा वेडेपणा नव्हता. उन्हाळ्यात वाहणारा उत्तरेचा वारा नाईलमध्ये प्रवाहाविरुद्ध शीड भरून देतो. तोच वारा तांबड्या समुद्रातून जहाजाला दक्षिणेकडे ढकलतो, आणि बाहेर पडलं की नैर्ऋत्य मोसमी वारा थेट हिंदुस्थानकडे नेतो. तीन वारे एकामागोमाग जुळायचे तर निघायचं उन्हाळ्यातच. परतीला डिसेंबर-जानेवारीत वारा उलटतो, पण तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात मात्र तो तेव्हाही समोरूनच येतो. म्हणूनच बंदर इतकं दक्षिणेला केलं. समुद्रात वाऱ्याशी झगडण्यापेक्षा वाळवंटातले जास्तीचे दिवस परवडले. त्याच काळातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोच, सोपारा, कल्याण ही नावं येतात आणि भडोचला जायला जुलै चांगला, असंही तो सांगतो. बेरेनिकेला 1994 पासून झालेल्या उत्खननात सागवानी लाकूड सापडलं. एका देवळाच्या आवारात हिंदुस्थानी बनावटीचा रांजण मिळाला, त्यात साडेसात किलो काळी मिरी होती. आपला ‘मोसम’ हा शब्दही अरबी ‘मौसिम’वरून आला. त्याचा अर्थ हवामान नव्हे, ठरलेली वेळ.

हिवाळा ‘सीझन’ झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात डॉक्टरांचा वाटा मोठा. क्षयावर औषध नव्हतं, कोरडी हवा होती. ल्युसी डफ गॉर्डन ही इंग्रज बाई त्यासाठीच 1862 मध्ये इजिप्तला आली आणि लक्झरच्या देवळावर बांधलेल्या एका घरात राहू लागली. बाकीचे युरोपीय वसंतात परत जायचे, ती उन्हाळ्यातही मागे राही. वेठीला धरून नेलेल्या शेतकऱ्यांबद्दल तिनं घरी लिहिलं ते कदाचित म्हणूनच. 1869 मध्ये ती कैरोत वारली. त्याच वर्षी थॉमस कुकनं आपले पहिले पर्यटक नाईलवर आणले. पुढे त्याच्या कंपनीच्या आगबोटी झाल्या, अस्वानला कॅटरॅक्ट हॉटेल झालं. 1907 मध्ये लक्झरला उघडलेल्या हॉटेलचं नावच ‘विंटर पॅलेस’.

आता फिलेच्या देवळाचं काय झालं ते पाहा. अस्वानजवळच्या बेटावरचं हे इसिसचं देऊळ. 1902 मध्ये तिथे खालच्या अंगाला धरण पूर्ण झालं. आराखडा विल्यम विलकॉक्सचा. हा हिंदुस्थानात जन्मलेला, रुडकीला शिकलेला इंजिनीअर. कापसाला पाणी लागतं उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जेव्हा नदी सर्वांत आटलेली असते. पुराचं गढूळ पाणी अडवलं तर धरण गाळानं भरेल, म्हणून ते दरवाजे उघडे ठेवून जाऊ द्यायचं आणि पूर सरल्यावरचं स्वच्छ पाणी हिवाळ्यात साठवायचं. इंजिनीअरिंग म्हणून यात बोट ठेवायला जागा नाही. पण त्याचा परिणाम असा की देऊळ कोरडं असे पुराच्या महिन्यांत, जेव्हा एकही पर्यटक नसे, आणि पाण्यात उभं असे ऐन सीझनमध्ये. युरोपातल्या पुराणवस्तुप्रेमींच्या ओरड्यामुळे धरणाची उंची आधी कमी केली होती. पण 1912 पर्यंत ती वाढवली, 1933 पर्यंत पुन्हा वाढवली. हिवाळी पाहुणे होडीतून खांबांमधून फिरत आणि दृश्य रमणीय आहे म्हणत. पिएर लोती हा फ्रेंच लेखक मात्र चिडला. त्याच्या 1909 च्या पुस्तकाचं नावच ‘फिलेचा मृत्यू’. भिंतींवरचे रंग त्या पाण्यात गेले.

1970 मध्ये वरचं मोठं धरण पुरं झालं आणि इजिप्तमधला पूरच संपला. आखेत हा ऋतू आता फक्त पुस्तकात. 1972 ते 1980 या काळात फिलेचे दगड एकेक करून शेजारच्या अगिल्किया बेटावर नेले. आज तिथे मोटरबोटीनं जाता येतं, बाराही महिने. गर्दी असते ती डिसेंबर-जानेवारीत. खांबांवर बऱ्याच उंचीवर एक काळसर रेघ दिसते, हिवाळ्यात साठवलेलं पाणी तिथवर चढायचं.