दारं धरणाऱ्याची सुट्टी : खजाना विहीर ते ऑटो स्विच

आज आपण आपोआप चालणाऱ्या यंत्रणांचा इतिहास बघणार आहोत. मोबाइलवरून दिवे लागतात, गीझर तापतो, कुंड्यांना ठरल्या वेळी पाणी जातं. हे सगळं कालपरवाचं आहे असं आपल्याला वाटतं. पण माणूस उभा न राहता पाणी पोचलं पाहिजे, ही गरज फार जुनी आहे. तिचा पुरावा बघायला आपण बीडला जाऊ.

बीड शहराबाहेर, सोलापूरच्या रस्त्याला खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या दरबारातला सरदार सलाबतखान, त्याने ती १५८२ साली बांधली. नगरजवळच्या डोंगरावर ज्याला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, ती खरं तर या सलाबतखानाची कबर. आलेला खजिना त्याने विहिरीतच घातला म्हणून हे नाव, असं बीडमध्ये सांगतात. दंतकथा बाजूला ठेवू, रचना बघू. भुयारांतून पाणी विहिरीत येतं आणि दुसऱ्या भुयारातून उताराने शेताकडे जातं. मोट नाही, बैल नाहीत.

यातली खुबी काय? बाहेर जाणाऱ्या भुयाराचं तोंड ठरावीक उंचीवर आहे. पाणी त्याच्या वर असेल तेवढंच वाहतं, खाली गेलं की वाहणं बंद. म्हणजे किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे दगडातच बांधलेलं आहे.

बाकीच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला मात्र मोट होती. एक जण बैल हाकायचा, दुसरा खाली दारं धरायचा. दोघंही विहिरीकडे बघत असत. पाणी तळाला गेलं की मोट रिकामी वर यायची आणि काम आपसूक थांबायचं.

मग विजेची मोटार आली. पण शेतीची वीज पाळीने, पुष्कळदा रात्री. थंडीत, अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने बटण दाबायला जायचं. यावर उपाय निघाला ऑटो स्विच. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. पुढे मोबाइलवरून चालणारे स्टार्टर आले. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' हे त्यातलं गाजलेलं नाव. ज्याची झोप वाचली, त्याला ही चैन वाटत नाही, आणि आपणही तिला चैन म्हणू नये.

पण गोम इथेच आहे. लाइट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीपी जळतो, नवीन येईपर्यंत उभं पीक वाळतं. म्हणून तर महावितरण पुन्हा पुन्हा सांगतं : ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. प्रत्येकाच्या घरापुरतं पाहिलं तर यंत्र शहाणं, पण सगळ्यांची मिळून अडचण.

दुसरी गोष्ट, मोटार कोरडी चालू नये म्हणून ती बंद पाडणारं उपकरण मिळतं. ते मोटार वाचवतं, पाणी नाही. पाणी पूर्ण उपसल्यावरच ते जागं होतं! महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने खोल विहिरींना ६० मीटरची मर्यादा घातली, ती याच काळजीतून. पण कायदा कागदावर आहे आणि बोअर जमिनीखाली.

तेव्हा कुठलीही यंत्रणा बसवताना आपण दोन प्रश्न विचारायला हवेत. ती सुरू कधी होणार? आणि थांबणार कशाने? पहिल्याचं उत्तर आज बाजारात सहज मिळतं. दुसऱ्याचं उत्तर सलाबतखानाच्या कारागिरांनी भुयाराच्या उंचीत दिलं होतं. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात त्याची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.