नाशिक–पंचवटी परिसरातील स्त्रिया : परंपरागत नेतृत्व, क्रीडा आणि सौंदर्यस्पर्धा

गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटी आणि तिच्याभोवतीचा नाशिक जिल्हा यांच्याशी जन्माने, वास्तव्याने किंवा सरावाने संबंध असलेल्या व वरील तीन क्षेत्रांत नावारूपास आलेल्या स्त्रियांचा परिचय या नोंदीत दिला आहे.

परंपरागत नेतृत्व : नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्ते घराण्यातील होत. पानिपतानंतर 1761 मध्येच नानासाहेबांचे निधन होऊन पुत्र माधवराव गादीवर आले. पुढे मायलेकांत वितुष्ट आले आणि गोपिकाबाई नाशिकजवळील गंगापूर येथे जाऊन राहिल्या. या वितुष्टाची कारणे निरनिराळी सांगितली जातात. दुसरे पुत्र नारायणराव यांच्या खुनानंतर (1773) त्यांनी विरक्त होऊन केवळ सरदार घराण्यांतील स्त्रियांकडून भिक्षा घेतली, अशी आख्यायिका आहे. नातू सवाई माधवराव यांना त्यांनी पाठविलेले उपदेशपर पत्र मात्र प्रसिद्ध असून त्यात दिनचर्येपासून वडीलधाऱ्यांशी व कारभाऱ्यांशी कसे वागावे येथपर्यंतच्या सूचना आहेत. पुण्याच्या दरबारापासून दूर राहूनही आजी या नात्याने त्यांच्या शब्दाला किती वजन होते, हे या पत्रावरून जितके कळते तितके आख्यायिकांवरून कळत नाही. तुलनेसाठी पाहता, घानातील असांते राज्यात राजमाता हे स्वतंत्र पद असून नव्या राजाचे नाव सुचविण्याचा अधिकार त्या पदाकडे असतो, आणि एजिसूच्या राजमाता या असांतेवा यांनी 1900 मध्ये ब्रिटिशांविरुद्धच्या युद्धाचे नेतृत्व केले. पेशवाईत असे पद नव्हते, त्यामुळे गोपिकाबाईंचा अधिकार नात्यावर आणि व्यक्तिगत धाकावरच उभा होता. 1788 मध्ये नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी 1930 मध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहात दलित स्त्रियाही उतरल्या होत्या. नाशिकच्या शांताबाई दाणी पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या नेत्या व विधान परिषदेच्या सदस्य झाल्या. ‘रात्रंदिन आम्हा’ हे त्यांचे आत्मचरित्र होय.

क्रीडा : या परिसराचे सर्वांत मोठे योगदान लांब पल्ल्याच्या धावण्यात आहे. हरसूल भागातील सावरपाडा या आदिवासी वस्तीत 1985 मध्ये जन्मलेल्या कविता राऊत ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ या नावाने ओळखल्या जातात. प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर त्या घडल्या. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत (2010) त्यांनी 10,000 मीटर शर्यतीत, म्हणजे 400 मीटरच्या धावपट्टीच्या 25 फेऱ्यांत, 33 मिनिटे 5.28 सेकंद वेळ देऊन दोन केनियन धावपटूंमागोमाग कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय स्त्रीला मिळालेले ते पहिले पदक होते. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत याच अंतरावर भारताच्याच प्रीजा श्रीधरन हिने 31 मिनिटे 50.47 सेकंदांत सुवर्ण, तर कविता यांनी 31 मिनिटे 51.44 सेकंदांत रौप्य जिंकले. पंचवीस फेऱ्यांनंतर दोघींत एक सेकंदाचेही अंतर उरले नव्हते, आणि भारतीय स्त्रियांच्या दीर्घ पल्ल्याच्या इतिहासात या शर्यतीचे स्थान फार वरचे मानले पाहिजे. तेथे 5,000 मीटरमध्येही त्यांना कांस्य मिळाले. 2012 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला, तर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन (42.195 किमी.) धावल्या.

त्यांच्यानंतरच्या पिढीतील संजीवनी जाधव हिने 2017 मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 5,000 मीटरमध्ये कांस्य, आणि तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये रौप्य मिळविले; मोनिका आथरे हिने त्याच वर्षी लंडनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मॅरेथॉनमध्ये भाग घेतला.

क्रिकेटमध्ये सिन्नरची लेगस्पिनर माया सोनवणे हिने 2022 च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंज स्पर्धेत व्हेलॉसिटी संघाकडून खेळताना, चेंडू सोडतेवेळी मान पूर्ण वाकवून चेहरा जमिनीकडे वळविणाऱ्या आपल्या शैलीने लक्ष वेधले.

सौंदर्यस्पर्धा : नाशिकच्या सायली भगत यांनी 2004 मध्ये ‘फेमिना मिस इंडिया वर्ल्ड’ हा किताब मिळवून त्या वर्षीच्या विश्वसुंदरी स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले व पुढे हिंदी चित्रपटांत भूमिका केल्या.