‘कर्कश’ : स्पर्शापासून स्वभावापर्यंत
संस्कृतात ‘कर्कश’ हा मुळात स्पर्शवाचक शब्द होय. खरखरीत, कठीण असा त्याचा अर्थ. तर्कशास्त्राच्या अभ्यासाने कणखर झालेल्या बुद्धीला ‘तर्ककर्कश’ म्हणण्यात गौरवही असे. मराठीत हा शब्द प्रामुख्याने कानाशी निगडित झाला. कानाला टोचणारा तीव्र, चढा आवाज तो कर्कश. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११९व्या नियमाने अशाच आवाजाच्या भोंग्यांना मनाई केली असून व्यवहारात त्यांना ‘कर्णकर्कश’ म्हणतात. आवाजाकडून हा शब्द पुढे स्वभावाकडे वळला. मराठीत आणि हिंदीतही ‘कर्कशा’ हे नाम भांडखोर स्त्रीसाठी रूढ झाले. तशा पुरुषासाठी मात्र या शब्दापासून नाम रूढ झाले नाही. ध्वनीचे वर्णन येथे स्त्रीच्या बोलण्यावरील निवाडा ठरते.