पाय नसलेला सरडा

वाटेत हातभर लांबीचे, पाय नसलेले काही सळसळले, तर तुम्ही काय म्हणाल? साप! १७५८ साली लिनिअससारख्या स्वीडिश पंडितानेही तेच म्हटले. युरोपातला 'स्लो वर्म' त्याने खुशाल सापांच्या पंगतीत बसविला.

पुढे १७७५ साली पीटर पालास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने व्होल्गा नदीकडच्या माळावरील असाच, पण चार फुटांपर्यंत वाढणारा, एक प्राणी वर्णिला. आणि नाव ठेवले 'बिनपायांचा सरडा'. बरोबरच होते. त्याच्या शेपटीच्या मुळाशी मागल्या पायांचे इवलेसे खुंट असतात. शिवाय हे दोघेही डोळे मिटतात. सापाला मिटायला पापणीच नाही हो!

स्लो वर्म राहतो कसा? दगडाखाली, ओल्या गवतात. गोगलगायी अन् गांडुळे खातो. शत्रूने धरले की शेपूट तोडून देतो आणि निसटतो. मादी अंडी पोटातच वाढवते. उन्हाळा सरता सरता पिले बाहेर येतात. हिवाळाभर मुक्काम जमिनीखाली. आयुष्य मात्र दांडगे! कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयात १८९२ साली ठेवलेला एक नर १९४६ पर्यंत, म्हणजे ५४ वर्षे, जगला.

विषाचा थेंब नाही, बागेतल्या गोगलगायी फस्त करतो, तरी साप समजून माणसे याला ठेचीत आली. ब्रिटनमध्ये जाणूनबुजून याला मारणे १९८१ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. लिनिअसच्या पंगतीनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी!